कोरडवाहू शेती आणि भूजल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसावरच्या शेतीत विहीर किंवा बोअर आली की पहिली काही वर्षं बरी जातात. मग एका उन्हाळ्यात पंप हवा ओढायला लागतो आणि प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पाणी अडवण्याबद्दल सगळेच उत्साहाने बोलतात, उपसा किती करायचा हा विषय निघाला की मात्र बैठक शांत होते. म्हणून इथे उपशावर जास्त भर आहे.

जमिनीखाली पाणी नेमकं कुठे असतं?

अनेकांच्या डोळ्यांसमोर जमिनीखालून वाहणारी नदी येते. चुनखडीच्या काही प्रदेशांत गुहांमधून खरोखरच ओढे वाहतात. पण एरवी हे पाणी वाळूच्या कणांमधल्या जागेत, झिजलेल्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत असतं. पाणी धरून ठेवणारा आणि विहिरीला देऊ शकणारा असा थर म्हणजे जलधर. त्यातलं पाणी हलतं, पण फार हळू. कुठे दिवसाला काही सेंटिमीटर, तर कुठे काही मीटर.

नदीकाठच्या गाळाचा जलधर जाड आणि सलग असतो. कठीण खडकातला जलधर तुकड्यातुकड्यांचा असतो: वर दहा-वीस मीटर मुरूम, खाली भेगाळलेला खडक आणि त्याखाली जवळजवळ कोरा कातळ. आपली जमीन यांतल्या कशावर आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. जवळची जुनी विहीर उन्हाळ्यात आटली असेल तर आत डोकावून बघा. थर उघडे दिसतात, झरे कोणत्या थरातून येतात तेही दिसतं.

पडलेल्या पावसातलं किती पाणी खाली मुरतं?

फार थोडं. कोरड्या प्रदेशात बराचसा पाऊस मातीतून आणि पानांतून परत हवेत जातो, उरलेल्यातला काही ओढ्याने वाहून जातो. कठीण खडकाच्या भागात पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी जलधरापर्यंत पोचतं असं ढोबळमानाने धरतात. घट्ट खडकात ते आणखी कमी असतं, वाळूत बरंच जास्त. म्हणजे ५०० मिमी पाऊस झाला तर खाली पोचले सुमारे ५० मिमी.

पाऊस कसा पडला यावरही बरंच अवलंबून असतं. आधी मातीची तहान भागते, मग पाणी खाली सरकतं. दोन-चार मिमीच्या सरी महिनाभर येत राहिल्या तर पीक तगतं, पण विहिरीला काही मिळत नाही. दोन-तीन दिवस लागून राहिलेला पाऊस हिशेबात तेवढाच असला तरी पातळी हलवतो. त्यामुळे वर्षाचा एकूण आकडा ‘सरासरीइतका’ असूनही विहिरी रित्या राहू शकतात. यात कुणाचं मोजमाप चुकलेलं नसतं.

एका जोरदार पावसात विहीर तुडुंब भरते. म्हणजे पाणी भरपूर झालं ना?

सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजामुळे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

वाळूने भरलेल्या पेल्यात पाणी ओतलं तर बरंच मावतं. पेल्याएवढाच दगड घेतला आणि त्याला एकच भेग असली तर त्यात चमचाभर पाणी मावेल, पण भेग काठोकाठ भरलेली दिसेल. विहिरीतली पातळी म्हणजे त्या भेगेतली पातळी. कठीण खडकाच्या एकूण आकारमानातून निथळून मिळणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के असतं. चांगल्या वाळूत हेच प्रमाण दहा-वीस टक्क्यांपर्यंत जातं.

आता हिशेब करून बघा. मुरलेलं पाणी ५० मिमी आणि खडकाचं प्रमाण दोन टक्के, तर पातळी अडीच मीटर वर येते. तेच ५० मिमी पंधरा टक्क्यांच्या वाळूत गेले तर पातळी वर येते फक्त ३३ सेंटिमीटर. पाणी तेवढंच. पण खडकातल्या विहिरीकडे बघून माणूस म्हणतो, ‘यंदा पाण्याला तोटा नाही’, आणि मोठ्या पिकाची लावण करतो. ती विहीर ज्या वेगाने चढली त्याच वेगाने उतरते. हंगामाच्या मध्यावर, नेमकं पीक ऐन भरात असताना, ती हात वर करते.

शेजाऱ्याने बोअर घेतली आणि माझी विहीर आटली. हा योगायोग असू शकतो का?

असू शकतो, पण बहुतेक वेळा नसतो. पंप सुरू झाला की बोअरभोवतीची पाणीपातळी नरसाळ्यासारखी खाली जाते. दोन नरसाळी एकमेकांत मिसळली की दोन्हीकडचं पाणी कमी होतं, आणि ज्याचा पंप खोल तो शेवटपर्यंत ओढत राहतो. खडकात ही नरसाळी गोल नसतात, ती भेगेच्या रेषेत लांबतात. म्हणून तीनशे मीटरवरच्या बोअरचा त्रास होतो आणि बांधाला लागून असलेल्या बोअरचा होत नाही, असंही घडतं.

भांडणापूर्वी एक करता येईल. दोघांनी ठरवून दोन दिवस पंप बंद ठेवायचे. मग एकाचाच पंप चालवून दुसऱ्याच्या विहिरीत तासातासाला पातळी मोजायची. एका दिवसात उत्तर मिळतं. ते दोघांच्या डोळ्यांदेखत मिळत असल्याने पटतंही.

आणखी खोल गेलं तर पाणी लागेलच ना?

गाळाच्या प्रदेशात लागू शकतं. कठीण खडकात खोलीबरोबर भेगा कमी होत जातात आणि मिटत जातात. खोल बोअरला लागलेलं पाणी अनेकदा नवं नसतंच. वरच्या थरातलं पाणी उभ्या भेगांतून खाली ओढलं जातं, आणि आजूबाजूच्या उथळ विहिरी कोरड्या पडतात. म्हणजे बोअर खोल गेल्याने पाणी वाढलेलं नसतं, ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं.

कधी खोलवर खरोखरच वेगळं पाणी असतं, हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं. सौदी अरेबियाने १९८० च्या दशकात अशा पाण्यावर वाळवंटात गहू पिकवला. तो इतका पिकला की निर्यात होऊ लागली. पण खालच्या पाण्यात भर पडत नव्हती. २००८ मध्ये सरकारने गव्हाची शेती टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये ती थांबली. ज्या पाण्यात भर पडत नाही ते खाणीतल्या कोळशासारखं असतं. वापरायचं असेल तर ते संपणार हे धरूनच वापरावं.

शिवाय जुन्या, खोल पाण्यात खडकातले क्षार उतरलेले असतात. फ्लोराइड हा त्यातला नेहमीचा त्रास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे दात आणि हाडं बिघडू लागतात. खोल बोअरचं पाणी तपासल्याशिवाय कुणाला, विशेषतः मुलांना, प्यायला देऊ नका.

पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागतं. त्यात तथ्य आहे का?

जलधर पसरलेला असेल तर जवळपास कुठेही पाणी लागतं, त्यामुळे जागा बरोबर निघाल्यासारखी वाटते. काहींना झाडं, ओढ्याची वळणं, खडकाचा उतार वाचायची सवय असते, तो खरा अनुभव आहे. काठी फिरण्याचा पाण्याशी संबंध नाही. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाणी कुठे लागेल आणि किती वर्षं टिकेल हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर काठी देत नाही.

जेवढं मुरतं तेवढंच उपसलं तर पाणी टिकेल, बरोबर?

ऐकायला बिनचूक वाटतं, पण नाही. मुरलेलं पाणी आधीही कुठेतरी जातच होतं: झऱ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, काठच्या झाडांच्या मुळांत. अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९४० मध्ये हे नेमकं मांडलं. विहिरीतून काढलेला प्रत्येक थेंब एक तर साठ्यातून येतो, नाहीतर बाहेर वाहणारं पाणी कमी होऊन येतो, नाहीतर मुरणं वाढून येतो. चौथी वाट नाही.

स्पेनच्या ला मान्चा पठारावर हे दिसलं. सिंचनासाठी उपसा वाढत गेला आणि ग्वादियाना नदीचे प्रसिद्ध झरे १९८० च्या दशकात आटले. खालच्या अंगाला ताब्लास दे दाइमिएल नावाची पाणथळ जागा होती, राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलेली. तीही सुकली. २००९ मध्ये तिथल्या वाळलेल्या दलदलीच्या मातीने जमिनीखाली पेट घेतला. जिथे पूर्वी बदकं पोहत होती तिथल्या भेगांतून धूर येत होता.

म्हणून मुरलेल्या पाण्यातला एक हिस्सा ओढ्या-नदीचा म्हणून सोडायचा आणि एक पुढच्या वाईट वर्षासाठी. उरेल तो शेतीचा.

पाणीपातळी घरच्या घरी कशी मोजायची?

उघड्या विहिरीला पोलादी टेप आणि खडू पुरतो. काठावर एक जागा ठरवून रंगाने खूण करा. मोजमाप कायम तिथूनच घ्यायचं. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधा, शेवटच्या मीटरभर भागावर खडू चोळा आणि टेप सोडा. टोक पाण्यात बुडालं की खुणेपाशी टेपवरचा पूर्ण आकडा धरा, समजा १२ मीटर. वर ओढून बघा: खडू जिथपर्यंत भिजला तिथे गडद, सरळ रेघ दिसते. ती टोकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर पातळी ११.६० मीटर खोल. रेघ पुसायच्या आत वहीत लिहा. ऊन असेल तर ती मिनिटभरात वाळते.

बोअरमध्ये टेप केबलला अडकते. पंप बसवतानाच सोबत अर्ध्या इंचाचा प्लास्टिक पाइप सोडून ठेवला तर त्यातून पाणी लागताच वाजणारी मोजपट्टी सहज जाते. मोजण्यापूर्वी पंप रात्रभर बंद हवा. चालत्या पंपाची पातळी नरसाळ्याच्या तळाची असते, जलधराची नव्हे.

महिन्यातून एकदा मोजलं तर उत्तम. तेवढं जमत नसेल तर वर्षातून दोन मापं तरी सोडू नका, एक पाऊस सुरू होण्याआधी आणि दुसरं पाऊस संपल्यावर. शेजारी पावसाचं रोजचं माप लिहा. तीन-चार वर्षांची अशी वही कुठल्याही अंदाजापेक्षा भरवशाची. उपग्रहांवरूनही भूजल मोजतात. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून मोठमोठ्या प्रदेशांतली घट दाखवून दिली. पण ते चित्र शेकडो किलोमीटरचं असतं, तुमच्या शिवाराचं उत्तर त्यात नाही.

पंपाचं पाणी मोजायला वीस लिटरची बादली आणि घड्याळ चालेल. बादली दहा सेकंदांत भरली तर तासाला ७,२०० लिटर. किती तास चालवला ते लिहीत गेलात की उपसा कळला.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा?

एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, पद्धत खरी आहे. पाठ ठेवायची गोष्ट एकच: एक हेक्टरवर एक मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर.

शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिमी, मुरलं दहा टक्के म्हणजे ५० मिमी. एकूण ५० कोटी लिटर. वस्ती दोन हजारांची. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४ कोटी. हजार जनावरांना दिवसाला ५० लिटरप्रमाणे पावणेदोन कोटींच्या वर. हे दोन्ही मिळून ६ कोटी आधी बाजूला. ओढ्याचा वाटा आणि पुढच्या वर्षासाठी राखीव मिळून तीस टक्के, म्हणजे १५ कोटी. उरले २९ कोटी लिटर.

पाऊस संपल्यावरच्या कमी पाण्याच्या पिकाला ओलीसाठी २०० मिमी लागले आणि वाटेतली गळती धरली तर हेक्टरी २५ लाख लिटर. २९ कोटींत असं पीक ११६ हेक्टरांवर निघेल. त्याच पाण्यावर ऊस घेतला, त्याला पावसाव्यतिरिक्त १,५०० मिमी द्यावे लागले, तर हेक्टरी दीड कोटी लिटर आणि क्षेत्र फक्त १९ हेक्टर.

हजार हेक्टरांतले ११६ की १९? हा आकडा फळ्यावर लिहिला की चर्चेचा सूर बदलतो. एरवी ‘ऊस लावू नका’ हे वाक्य एका माणसावरचा आरोप वाटतं. फळ्यावर तोच प्रश्न सगळ्यांचा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पावसानंतर असा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस-केळी टाळली. आंध्र प्रदेशात अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेकडो वस्त्यांतल्या शेतकऱ्यांनी स्वतः पातळ्या मोजून पेरणीआधी हाच हिशेब मांडला. तिथे कुणावर सक्ती नव्हती. आकडे समोर आल्यावर अनेकांनी पीक बदललं.

ताळेबंद पेरणीच्या आधी मांडायचा. बियाणं घरात आलं की उशीर झाला.

मी ठिबक बसवलं. आता पाणी वाचतंय ना?

तुमच्या पंपाचे तास कमी झाले असतील. शिवाराचं पाणी वाचलं का, हे त्यावरून कळत नाही.

पाटाने दिलेलं जादा पाणी काही प्रमाणात मुळांखाली मुरतं आणि परत जलधरात जातं. ते वाया गेलेलं नसतं, कुणाच्या तरी विहिरीत येतं. खरं गेलेलं पाणी म्हणजे जे पानांतून आणि ओल्या मातीतून हवेत गेलं. ठिबकने मातीवरची वाफ कमी होते, हा खरा फायदा. खत नेमकं पडतं, तण कमी येतं, पीक एकसारखं येतं, हेही खरंच. पण ‘वाचलेल्या’ पाण्यावर आणखी दोन एकर ओलिताखाली आणले की हवेत जाणारं पाणी वाढतं आणि मुरून परत येणारं बंद होतं. पातळी आधीपेक्षा लवकर खाली जाते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जुने फवारे बदलून काटकसरी फवारे बसवले गेले, तेव्हा उपसा कमी होण्याऐवजी वाढल्याचं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले होते.

ठिबक बसवू नका असं म्हणणं नाही. ठिबक बसवतानाच ओलिताचं क्षेत्र किंवा एकूण उपसा ठरवून बांधून घ्या. आणि मातीवर आच्छादन घाला. साध्या काडीकचऱ्याने वाफ थांबते, हे काम सगळ्यात दुर्लक्षित राहतं.

बोअरच्या पाण्याने शेततळं भरून ठेवलं तर उन्हाळ्यात कामाला येईल का?

तुमच्या कामाला येईल, जलधराच्या नाही. पाणी खडकात असताना त्याच्यावर ऊन पडत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात आणलं की ऊन पडतं. कोरड्या, उष्ण भागात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटरची वाफ होऊ शकते. चार मीटर खोल तळ्याच्या मानाने हा फार मोठा वाटा आहे. शिवाय आटायच्या आत आपण उपसून ठेवावं, असं सगळ्यांनाच वाटायला लागतं आणि पाऊस संपताच पंपांची शर्यत लागते.

वाहून जाणारं पावसाचं पाणी धरणारं शेततळं ही वेगळी गोष्ट आहे. पावसात खंड पडला असता त्यातून दिलेली एक पाळी पीक वाचवते. नाव एकच, परिणाम उलटे.

बंधारे, चर, पाझर तलाव: किती बांधले म्हणजे पुरेल?

जेवढं पाणी वाहून जातं तेवढंच अडवता येतं, आणि कोरड्या भागात ते मुळातच मोजकं असतं. वरच्या अंगाला सगळं अडवलं तर खालच्या गावाचा ओढा कोरडा पडतो. माथ्यापासून सुरुवात करावी: उतारावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यातले बंधारे. उलटं केलं तर बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो, आणि तळाशी बारीक गाळाचा थर बसला की पाणी मुरायचं थांबतं. गाळ काढणं हे दरवर्षीचं काम आहे. मात्र तळ खरवडून कातळापर्यंत नेऊ नका. मुरूम गेला की मुरण्याची जागाच गेली.

राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात शेकडो जोहड (पावसाचं पाणी अडवणारे मातीचे छोटे बंधारे) बांधल्यावर कोरडी पडलेली नदी पुन्हा वाहू लागली. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते: १९९९ मध्ये खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली आणि पाणी कसं वापरायचं याचे नियम केले. बांधकामाने आलेलं पाणी वापराच्या नियमाशिवाय टिकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

बोअर पुनर्भरण करताना काय काळजी घ्यावी?

शेतातून वाहत आलेलं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. त्यात खत, औषधं, शेण, गाळ सगळं असतं, आणि मुरमातून जाताना जी गाळणी होते ती इथे होत नाही. वाळू-खडीचा गाळणखड्डा गाळ अडवतो, पण विरघळलेलं नायट्रेट अडवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या बोअरपाशी असला प्रयोग करूच नये. छपरावरचं पाणी, पहिल्या दोन सरी सोडून, त्यामानाने सुरक्षित.

फळबाग लावली तर पाणी कमी लागतं म्हणतात. लावावी का?

वर्षाचा हिशेब बघता काही फळझाडांना कमी लागतं. अडचण वाईट वर्षात येते. हंगामी पिकात पाणी नसेल तर रान पडीक ठेवता येतं, एका वर्षाचं उत्पन्न बुडतं. बाग पडीक ठेवता येत नाही. आठ वर्षं वाढवलेली झाडं डोळ्यांसमोर वाळताना बघणं कुणालाच सोसत नाही, म्हणून माणूस कर्ज काढून आणखी एक बोअर घेतो. कॅलिफोर्नियात बदामाच्या बागा वाढल्या आणि तिथल्या दुष्काळांत हेच झालं. बागेचं क्षेत्र ठरवताना सरासरी वर्ष धरू नका. गेल्या दहा वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षात विहिरीने जेवढं दिलं, तेवढ्यावर जगेल एवढीच बाग लावा.

सौर पंपामुळे भूजल वाचेल की संपेल?

वीजबिल नाही, डिझेल नाही, त्यामुळे पंप बंद करायला कारणच उरत नाही. ऊन आहे तोवर उपसा चालू राहतो. दुसरीकडे रात्री उठून पाणी द्यायला जाण्याचा जीवघेणा त्रास संपतो, हे फार मोठं आहे आणि ते नाकारता येत नाही. गुजरातमधल्या धुंडी गावात शेतकऱ्यांच्या सौर सहकारी मंडळीने २०१६ पासून जादा वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळत असतील तर गरज नसताना पंप चालवण्यात तोटा होतो. ग्रिडला न जोडलेल्या सौर पंपाच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. जिथे पातळी आधीच घसरते आहे तिथे ठरलेल्या उपशाशिवाय तो देऊ नये.

हे कायद्याने होईल, की गावाने ठरवून?

दोन्ही लागतं, पण क्रम महत्त्वाचा आहे.

पंप येण्याआधी काही ठिकाणी रचनेतच मर्यादा असे. इराणमधल्या कनातीत डोंगरपायथ्याच्या पाण्यापर्यंत हलक्या उताराचं भुयार खणलेलं असतं आणि पाणी आपल्या वजनाने बाहेर येतं. भुयाराच्या पातळीखालचं पाणी ओढताच येत नाही, त्यामुळे दुष्काळात वाहणं कमी होतं, पण साठा उरतो. जवळ खोल बोअर आल्या आणि अनेक कनाती कोरड्या पडल्या. पंपाने ती मर्यादा मोडली. आता ती माणसांनी ठरवून घालावी लागते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा १९६५ चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावरच होता: अतिउपशाने समुद्राचं खारं पाणी आत शिरत असताना पाणी वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन उपसा कसा आवरला, याचा. सामायिक साधन नेहमी नासतंच, हे खरं नाही, हे त्यांनी पुढे जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं.

शेतीतलं उदाहरण कॅन्ससच्या शेरिडन परगण्याचं. तिथे ओगालाला या प्रचंड जलधरावरच्या मक्याच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनीच प्रस्ताव केला आणि २०१३ पासून उपसा वीस टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. राज्याच्या कायद्याने त्याला बळ दिलं. मर्यादा घातली पाच वर्षांना मिळून ५५ इंचांची, म्हणजे सुमारे १,४०० मिमी. एका कोरड्या वर्षी जास्त वापरा, पुढच्या ओल्या वर्षी भरून काढा. ही मोकळीक दिली म्हणून शेतकऱ्यांना नियम जाचला नाही. उत्पन्न थोडं घटलं, पण खर्चही घटला आणि नफा टिकून राहिला. पहिली मुदत संपल्यावर नियम पुढे चालू ठेवला गेला.

कॅलिफोर्नियाने मात्र उशीर केला. तिथल्या सॅन वाकीन खोऱ्यात एका जागी १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे नऊ मीटर खचली होती. मातीचे थर असे दबले की तेवढं पाणी आता तिथे पुन्हा मावणार नाही. भूजलाचा सर्वंकष कायदा आला २०१४ मध्ये, आणि सर्वांत बिकट खोऱ्यांना समतोल साधायला २०४० पर्यंत मुदत आहे.

माझं मत असं, की नियम गावाने मोजून ठरवावा आणि कायद्याने तो मोडणाऱ्याला रोखावं. नुसता वरून आलेला नियम रात्री बोअर मारणाऱ्या गाडीपुढे टिकत नाही, आणि गावाच्या ठरावाला कायद्याचा आधार नसेल तर एकाने मोडताच तो सगळ्यांसाठी मोडतो.

बाकीचे ऐकत नाहीत. मी एकट्याने काय करू?

मोजा आणि लिहा. आपली वही दोन शेजाऱ्यांना दाखवा. एकाच भेगेवरचे, एकाच ओढ्याकाठचे पाच-सहा जण तयार झाले तरी खडकातल्या छोट्या जलधरात फरक दिसतो. अख्खं गाव होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

घसरलेली पातळी पुन्हा वर येते का?

येते, सगळीकडे नाही. २०२४ मध्ये सुमारे १,७०० जलधरांतल्या एक लाख सत्तर हजार विहिरींच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगाने होणारी घसरण कोरड्या, शेतीच्या प्रदेशांत सर्वाधिक दिसली. पण धोरण बदललं तिथे काही जलधर सावरल्याचंही दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या विशाल आर्टेशियन खोऱ्यात उघड्या बोअरमधून पाणी आपोआप वर येऊन मैलोन्‌मैल चरांतून वाहत असे आणि जनावरांच्या तोंडी लागण्याआधीच त्यातलं बहुतेक उडून जाई. १९९९ पासून बोअरला झडपा आणि चरांच्या जागी पाइप बसवत गेले, तसा अनेक ठिकाणी खालचा दाब पुन्हा वाढला.

कठीण खडकाचा साठा छोटा असतो, म्हणून तो एक-दोन चांगल्या पावसांत भरतोही. ही त्याची मोठी जमेची बाजू. उपसा ठरवलेला असेल तर दोन वर्षांतच वहीत फरक दिसू लागतो.

कोरड्या पडलेल्या बोअरचं काय करायचं?

आधी तोंड बंद करा, आजच. उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात. गोणपाट किंवा दगड ठेवून भागणार नाही, केसिंगवर (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या नळीवर) घट्ट बसणारं, नटबोल्टचं लोखंडी टोपण हवं. केसिंग काढून नेलं असेल तर बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाका. केसिंग जागेवर असेल, बोअर सुस्थितीत असेल आणि पावसानंतर तिच्यात पाणी येत असेल, तर टोपणाला मोजपट्टी जाण्यापुरतं एक भोक ठेवून त्याला झाकण लावा. तिच्यात पंप नाही, त्यामुळे खरी, न हललेली पातळी गावात सगळ्यात चांगली तिच्यातच मोजता येईल.